ओमची फाइल

इंडोनेशियातल्या सेमारांगच्या जुन्या चिनी वस्तीत एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी बॅडमिंटनच्या रॅकेटचं गटिंग करून, म्हणजे तारांची जाळी विणून देणारं एक दुकान होतं. खरं तर ती जिन्याखालची जागा. माणूस आत उभा राहिला की डोकं वरच्या पायरीला लागायचं, म्हणून मालक दिवसभर स्टुलावर बसूनच काम करायचे. सत्तरीकडे झुकलेले, बनियन आणि अर्धी चड्डी, नाकाच्या टोकावर चष्मा. सगळी गल्ली त्यांना ‘ओम’ म्हणायची. ओम म्हणजे काका. डचांनी मागे ठेवून दिलेल्या शब्दांपैकी हा एक, पण माझ्या मराठी कानाला तो पहिल्या दिवसापासून आवडला.

मी इंडोनेशियात गेलो 1995 साली. सोलापुरात ज्या गिरणीत होतो तिला टाळं लागलं आणि सेमारांगजवळच्या एका सूतगिरणीला भारतीय तंत्रज्ञ हवे होते. विमानात कस्टमचं कार्ड भरायला दिलं. देशात काय काय आणू नये याची यादी होती त्यावर. अमली पदार्थ, हत्यारं, अश्लील साहित्य, आणि त्याच रांगेत चिनी लिपीत छापलेला मजकूर. मी ते दोनदा वाचलं. पुस्तक बंदुकीच्या शेजारी कसं येऊन बसलं, हे तेव्हा उमगलं नाही. पुढे ओमच्या दुकानात बसून बसून हळूहळू उमगत गेलं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या रॅकेटची मधली उभी तार तुटली होती. ओमनी रॅकेट हातात घेऊन नखानं जाळीवर टकटक केलं, आवाज ऐकला आणि मान हलवली. एक तार जोडून भागणार नव्हतं, सगळंच नव्यानं विणायला हवं होतं. मग विचारलं, “कुठले?” मी इंडिया म्हणालो. त्यांचे डोळे एकदम चमकले. “पदुकोण! आमच्या किंगला हरवलं त्यानं.”

1980 ची ऑल इंग्लंड फायनल. मी तेव्हा नववीत होतो. प्रकाश पदुकोणनं लिम स्वी किंगला 15-3, 15-10 असं हरवलं आणि भारताला ते विजेतेपद पहिल्यांदा मिळालं. पेपरातला फोटो कापून मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. लिम स्वी किंग म्हणजे आमच्या लेखी इंडोनेशिया. आधीची दोन वर्षं तोच जिंकलेला, पुढच्या वर्षीही तोच जिंकला. त्याच्या स्मॅशला कोण तोंड देणार, असं क्लबातली मोठी मंडळी म्हणायची. पण ते नाव चिनी आहे आणि त्या देशात असं नाव घेऊन जगायला काय पडतं, हे कळायला मला सोळा वर्षं लागली. तेही एका जिन्याखाली.

किंग कुदुसचा. सेमारांगहून कुदुस पन्नासेक किलोमीटर. कामानिमित्त तिथे बऱ्याचदा गेलो. गावात शिरलं की लवंगेचा वास येतो, कारण हे क्रेतेकचं गाव. क्रेतेक म्हणजे तंबाखूत लवंग घालून वळलेली सिगारेट. ओढताना लवंग तडतडते, त्या आवाजावरून पडलेलं हे नाव. लांबलचक शेडमध्ये शेकडो बायका ओळीनं बसून ती वळत असतात. त्यांच्या बोटांचा वेग बघितला आणि मला सोलापूरच्या पूर्वभागातल्या विडी वळणाऱ्या बायका आठवल्या. तशाच झुकलेल्या पाठी, मांडीवर तसंच सूप. फरक एवढाच की इथे संध्याकाळी बाकं बाजूला सरकवून त्याच शेडमध्ये बॅडमिंटनचं नेट लागायचं.

जारुम नावाच्या कंपनीची ही गोष्ट. ओई वी ग्वान नावाच्या चिनी वंशाच्या माणसानं 1951 मध्ये कुदुसमधला एक बारका क्रेतेक कारखाना विकत घेतला. 1963 मध्ये तो जळाला आणि थोड्याच काळात मालकही गेले. विशीतल्या दोन मुलांनी तो पुन्हा उभा केला. त्यातला धाकटा बॅडमिंटनवेडा. 1969 च्या सुमारास कामगार सुटले की शेडमध्ये खेळ सुरू व्हायचा. त्या क्लबातून लिम स्वी किंग आला, नंतर ऑलिंपिक विजेता अॅलन बुडिकुसुमा आला. मालकाची ती दोन मुलं म्हणजे पुढं देशातल्या सर्वांत श्रीमंतांत गणली गेलेली हार्तोनो भावंडं. घरातली त्यांची नावं वेगळी होती, ओई ह्वी सियांग आणि ओई ह्वी च्योंग.

नावाची ही भानगड नीट सांगायला हवी. 1965 च्या उठावाच्या आरोपानंतर कम्युनिस्टांची कत्तल झाली, जनरल सुहार्तोंचा अंमल आला आणि चीनशी संबंध तुटले. चिनी शाळा बंद करण्यात आल्या. 1966 मध्ये चिनी वंशाच्या नागरिकांनी ‘इंडोनेशियन’ नाव घ्यावं म्हणून फर्मान निघालं. सक्ती नव्हती, सोय करून दिली होती. पण सरकार अशी सोय करून देतं तेव्हा ती न घेणाऱ्याची नोंद होते, हे ज्याला त्याला कळत होतं. 1967 च्या आदेशानं चिनी सण, पूजा, मिरवणुका घराच्या आत गेल्या. लाखो लोकांनी नावं बदलली. बदलताना मात्र जुनं आडनाव नव्या नावात कुठंतरी लपवून ठेवलं. लिमचा सालिम झाला, नाहीतर हालिम. तानचा सुतांतो झाला. लुगड्याच्या पदराला बायका पैसे बांधून ठेवतात तसं आडनाव नावाच्या गाठीत बांधलेलं. ओमच्या नव्या नावाच्या मधोमध त्यांचं आडनाव होतं. ते मला पेन्सिलनं कागदावर लिहून दाखवलं, तेवढ्या अक्षरांखाली रेघ मारली आणि कागद चुरगळून खिशात घातला. टोपलीत टाकला नाही. तीस वर्षांची सवय.

आठ वेळा ऑल इंग्लंड जिंकणारा रूडी हार्तोनो म्हणजे सुराबायाचा न्यो हाप लियांग. लिम स्वी किंगनं मात्र नाव बदललं नाही. ओमना याचा किती अभिमान होता! “त्याचा स्मॅशच एवढा होता, की त्याला नाव विचारायची कुणाची हिंमत नव्हती,” असं ते म्हणायचे. मला हे पटायचं नाही. इतका स्मॅश मारता आला तरच नाव ठेवता येतं, तर बाकीच्यांनी काय करायचं? पण हे मी त्यांना कधी बोललो नाही.

फाइल मी पाहिली ती 1997 मध्ये. संध्याकाळी गेलो तर दुकान बंद. दुसऱ्या दिवशी बंद, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी ओम स्टुलावर होते आणि समोरच्या फळीवर, तारांच्या रिळांशेजारी, निळ्या प्लॅस्टिकची जाड फाइल. धाकट्या मुलीचा कॉलेजप्रवेश होता. सगळे कागद झाले, पण कारकुनानं विचारलं, एस-बे-का-एर-ई कुठाय? या पाच अक्षरांचा अर्थ ‘इंडोनेशिया प्रजासत्ताकाच्या नागरिकत्वाचा दाखला’. जावानीज, सुंदानीज, बाटक अशा स्थानिक वंशाच्या कुणालाही तो लागत नसे. तो फक्त परकीय वंशाच्यांना लागायचा, म्हणजे व्यवहारात चिनी वंशाच्यांना. पासपोर्टला, लग्नाला, शाळाप्रवेशाला, कर्जाला. बापाचा असला तरी मुलीचा वेगळा. 1996 मध्ये खुद्द सुहार्तोंनी तो यापुढे मागू नये असा आदेश काढला होता, पण तो खालच्या टेबलापर्यंत पोचलाच नव्हता. की पोचला होता आणि टेबलाला तो परवडणारा नव्हता? कारण प्रत्येक दाखल्यामागं पाकीट जायचं.

ओमनी फाइल उघडून दाखवली. वडिलांचा डच काळातला जन्मदाखला. 1960 च्या सुमाराचा कोर्टाचा कागद. चीनचं नागरिकत्व आपण नाकारतो, असं लिहून दिलेला. ओम चीनला आयुष्यात कधी गेलेले नव्हते. पण 1955 च्या बांडुंग परिषदेच्या वेळी दोन सरकारांनी दुहेरी नागरिकत्वाचा करार केला. त्यानुसार ज्यांनी मुदतीत जाऊन इंडोनेशिया निवडला त्यांचा कागद झाला, आणि तो कागद पुढं चाळीस वर्षं दाखवत बसावं लागलं. मग नाव बदलल्याचं पत्र. लग्नाचा दाखला. प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स, कोपऱ्याला टाचणी. कडा मऊ पडलेल्या. पोथी वर्षानुवर्षं हाताळली की पानं होतात तशा.

मला त्या वेळी फार ओशाळल्यासारखं झालं. माझा राहण्याचा परवाना गिरणीच्या ऑफिसनं तीन आठवड्यांत आणून माझ्या टेबलावर ठेवला होता. मला त्या देशात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. ओमच्या घराण्याला पाच पिढ्या. घरात ते जावानीज बोलायचे, चिनी त्यांना वाचताच येत नव्हतं. त्यांच्या बायकोच्या हातचं लुंपिया, म्हणजे आतमध्ये बांबूचे कोंब भरलेला रोल, ही सेमारांगची खासियत. तिची सुरुवात एका चिनी नवऱ्यानं आणि त्याच्या जावानीज बायकोनं केली असं सगळं शहर कौतुकानं सांगतं. पदार्थाला शहरानं केव्हाच आपलं म्हटलं. करणाऱ्याला अजून कारकून विचारत होता, कुठले?

मी गिरणीतल्या स्थानिक सहकाऱ्यांशी याबद्दल बोलायचो. चांगली माणसं. अडीअडचणीला धावणारी. पण विषय निघाला की एकच वाक्य यायचं: “हे लोक तीन-चार टक्के, आणि सत्तर टक्के अर्थव्यवस्था यांच्या हातात.” हा आकडा मी इंडोनेशियात जितक्या वेळा ऐकला तितका कुठलाच ऐकला नाही. तो मुळात शेअरबाजारातल्या खासगी कंपन्यांच्या बाजारभावावरून काढलेला. त्यात तेल, सरकारी कंपन्या आणि करोडो शेतकऱ्यांची भातखाचरं येतच नाहीत. आणि 2010 च्या जनगणनेत स्वतःला चिनी वंशाचे म्हणवणारे निघाले सुमारे 28 लाख, म्हणजे 1.2 टक्के. जकार्ताजवळच्या तांगेरांगमध्ये ‘चिना बेंतेंग’ म्हणून जे लोक राहतात, ते पिढ्यान्‌पिढ्या शेतात राबणारे, मोलमजुरी करणारे. पण डोळ्यांपुढं यायचा तो सालिम. चीनमधल्या फुजियानहून तरुणपणी कुदुसला आलेला लिम स्यो लियोंग. सैन्याला पुरवठा करता करता सुहार्तोंच्या जवळ गेला आणि पीठ, सिमेंट, नूडल्स, बँक अशा सगळ्यांचा धनी झाला. अशा माणसाला तिथं ‘चुकोंग’ म्हणतात. सत्तेला पैसा पुरवणारा आणि सत्तेकडून मक्ते घेणारा. चुकोंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांच्या वाटणीचा राग जिन्याखालच्या माणसानं झेलायचा.

आणि व्यापारातच हे लोक का, याचं उत्तर कुणी शोधत नसे. डचांनी माणसांच्या तीन पायऱ्या केल्या होत्या. वर युरोपीय, खाली स्थानिक, मध्ये ‘परके पौर्वात्य’. त्या मधल्या पायरीवर चिनी, अरब आणि आपण भारतीयही. एकोणिसाव्या शतकात चिन्यांना ठरवलेल्या वस्तीतच राहावं लागे, गावाबाहेर जायला पास लागे. 1870 च्या दशकात स्थानिकांची जमीन परक्यांनी विकत घ्यायला बंदी आली. अफूचे, गहाणवटीचे, करवसुलीचे मक्ते मात्र डचांनी त्यांनाच दिले. म्हणजे शेतकऱ्याच्या दारात पैसे मागायला जाणारा चेहरा चिनी, आणि पैसे जायचे कुठं ते शेतकऱ्याला दिसायचं नाही. स्वातंत्र्यानंतर सैन्य आणि सरकारी नोकरी यांची दारं त्यांच्यासाठी किलकिलीच राहिली. एकच दार सताड उघडं ठेवायचं आणि मग म्हणायचं, बघा, सगळे त्याच दारानं जातात.

ते दारही केव्हा बंद होईल याचा नेम नव्हता. सेमारांगचा साखरसम्राट ओई त्योंग हाम 1924 मध्ये वारला तेव्हा त्याच्या उद्योगाचा पसारा आशियाभर होता. 1961 मध्ये याच शहरातल्या कोर्टानं तो सगळा सरकारजमा केला. आणि लहानांचं त्याआधीच झालं होतं. 1959 च्या अखेरीस आदेश निघाला की परकीय नागरिकांनी खेडेगावांत किरकोळ दुकानं चालवू नयेत. तिथं किराणा दुकानाला ‘तोको केलोंतोंग’ म्हणतात. केलोंतोंग हा चिनी फेरीवाला वाजवत यायचा त्या खुळखुळ्याचा आवाज. तो आवाज भाषेत राहिला, दुकानं गेली. कोण नागरिक आणि कोण परकीय याचा निवाडा व्हायच्या आतच पुष्कळांना गाव सोडावं लागलं. 1960 मध्ये चीननं जहाजं पाठवली आणि लाखभर माणसं, त्यांतली कित्येक इथंच जन्मलेली, कधी न पाहिलेल्या ‘मायदेशी’ गेली.

त्या जहाजांतल्या एकात ओमचा थोरला भाऊ होता. खेड्यातलं दुकान उठलं म्हणून बायकोमुलांना घेऊन गेला. ओम शहरात होते, राहिले. पुढं पत्रंही बंद झाली, कारण चीनहून आलेलं पत्र घरात सापडणं धोक्याचं. भावाबद्दल ते एवढंच बोलायचे आणि मग लगेच तोंग सिन फूवर यायचे. मला वाटतं, भावाचं दुःख बोलता येत नव्हतं ते तोंगच्या नावानं बोलायचे.

तोंग सिन फू सुमात्रातल्या लाम्पुंगचा. तोही त्याच काळात, अठरा-एकोणीस वर्षांचा असताना चीनला गेला. खेळाडू असा की बघणारे थक्क व्हायचे. पण चीन तेव्हा आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन संघटनेत नव्हता, त्यामुळे उमेदीच्या वर्षांत त्याला ऑल इंग्लंड खेळताच आली नाही. ऐंशीच्या दशकात तो जन्मभूमीत परतला, प्रशिक्षक झाला. इंडोनेशियाच्या एकेरीतल्या एका अख्ख्या पिढीला त्यानं घडवलं. 4 ऑगस्ट 1992 रोजी बार्सिलोनात सुसी सुसांतीनं देशाला पहिलंवहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं आणि त्याच दिवशी अॅलन बुडिकुसुमानं पुरुष एकेरीचं. तेव्हा त्या यशाच्या मागं उभ्या असलेल्या माणसांत तोंगही होता. सुसी आणि अॅलन दोघंही चिनी वंशाचे, आणि दाखल्याचा जाच दोघांनाही चुकला नाही. तोंगनं नागरिकत्वासाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला. 1998 मध्ये तो पुन्हा चीनला गेला आणि तिथं त्याच्या हाताखाली एक पोरगा आला. त्याचं नाव लिन डॅन, पुढचा ऑलिंपिक विजेता.

1998 च्या मे महिन्याबद्दल लिहिताना अजूनही हात जड होतो. आर्थिक संकटानं रुपिया कोसळला होता. तेल, तांदूळ यांच्या रांगा लागल्या होत्या. 12 मे रोजी जकार्तात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि पुढचे तीन दिवस शहर पेटलं. हजारावर माणसं मेली. त्यांतली बहुतेक लुटालुटीत मॉलमध्ये अडकून जळालेली गरीब माणसं. चिनी वस्त्यांमध्ये बायकांवर जे अत्याचार झाले ते सरकारच्याच सत्यशोधन पथकानं नोंदवले आहेत. सालिमचा जकार्तातला बंगला जाळला गेला. तो देशाबाहेर होता. जिन्याखालची माणसं कुठं जाणार?

सेमारांग त्या मानानं शांत राहिलं, पण सोलो शहर जळालं. सुताच्या येण्याच्या वसुलीसाठी पंधरवड्यानं मी सोलोला गेलो. बाजारपेठेच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना काळ्या भिंती आणि मधूनच एखादं शाबूत दुकान. त्याच्या शटरवर घाईघाईत रंगानं लिहिलेलं: ‘मिलिक प्रिबुमी’, मालक भूमिपुत्र. काही दारांना नमाजाची चटई टांगलेली. एका शटरवर तेच शब्द होते, पण अक्षरं फार थरथरती, शेवटचा ‘ई’ पार खाली घसरलेला. लिहिणारा कोण होता कुणास ठाऊक. त्या एका शब्दावर दुकान वाचायचं की जळायचं हे ठरलं होतं. मी त्या अक्षराकडे बराच वेळ बघत उभा राहिलो. वसुलीला गेलो नाही.

त्याच दिवसांत हाँगकाँगला थॉमस चषक, म्हणजे बॅडमिंटनमधली पुरुष संघांची जागतिक स्पर्धा, सुरू होता. इंडोनेशियाच्या संघात चिनी वंशाची मुलं होती. घरचे फोन लागतायत का बघायचं आणि कोर्टवर उतरायचं. 21 मे रोजी सुहार्तो गेले. अंतिम सामना मलेशियाशी होता. ओमनी मला घरी बोलावलं. समोरचं शटर बंद, आत एकच दिवा, टीव्हीचा आवाज इतका बारीक की फूल रॅकेटला लागल्याचंही ऐकू येत नव्हतं. ओम मांडीवर कुणाचीतरी रॅकेट घेऊन तारा ओवत होते. हातांना काहीतरी हवं म्हणून. इंडोनेशिया 3-2 नं जिंकला. राष्ट्रगीत सुरू झालं आणि ओमच्या बायकोनं उठून टीव्हीचा आवाज मोठा केला. खूप मोठा. गल्लीत ऐकू जाईल इतका.

ती आवाज का वाढवते आहे हे मला त्या रात्री नीट कळलं नाही, आजही एकच कारण सांगता येणार नाही. अभिमान होता. शेजाऱ्यांना ऐकवायचंही होतं. आणि या दोन गोष्टी तिच्या बाबतीत वेगळ्या काढणं मला योग्य वाटत नाही.

शेजारच्या मलेशियाचं चित्र निराळं. कामासाठी क्वालालंपूरला जायचो तेव्हा तिथल्या चिनी दुकानांवरच्या चिनी पाट्या बघून मला आश्चर्य वाटायचं. तिथं कुणाला नाव बदलावं लागलं नाही, चिनी शाळा चालू राहिल्या. लोकसंख्येतही ते आज पाचात एक, किंवा जरा जास्तच आहेत. पण तिथं वाटणी कायद्यात आहे. 13 मे 1969 च्या दंगलीनंतर 1971 मध्ये नवं आर्थिक धोरण आलं: कंपन्यांच्या भागभांडवलात 30 टक्के भूमिपुत्रांचा, विद्यापीठांत कोटा, नवं घर घेताना सवलत. मलय शेतकऱ्याची गरिबी खरी होती आणि ती त्यामुळं पुष्कळ हटली, हे मान्यच करायला हवं. आरक्षणाचा अर्थ आपल्याला कुणी शिकवायला नको. मात्र आपल्याकडे ते शतकानुशतकं दाबलेल्यांसाठी आलं, तिथं राज्य ज्यांच्या हातात त्यांच्यासाठी. आणि चिनी कष्टकऱ्याचा मुलगा, चांगले गुण मिळवूनही, सिंगापूरला नाहीतर ऑस्ट्रेलियाला जातो. रागाच्या भरात कुणी ‘बालिक तोंगसान’ म्हणतं, म्हणजे जा चीनला परत.

आणि तरीही, ऑगस्ट 2012 मध्ये, रमजानच्या एका रात्री, उपवास सोडून सगळा देश टीव्हीसमोर बसला होता तो ली चोंग वेईसाठी. पेराकमधल्या एका लहान गावातला चिनी मुलगा. लंडनची ऑलिंपिक फायनल, तिसरा गेम, 19-21. पलीकडे लिन डॅन. चार वर्षांपूर्वी बीजिंगमध्येही तोच होता. मी तेव्हा पुण्यात होतो. सामना संपल्यावर मला ली चोंग वेईचं वाईट वाटलंच, पण लगेच तोंग सिन फूची आठवण झाली. एका देशानं अर्ज नाकारला आणि त्याची किंमत शेजारच्या देशाच्या पोरानं मोजली. असा हिशेब खेळात कुणी मांडत नाही, पण ओमच्या दुकानात बसलेल्या माणसाला तो मांडल्याशिवाय राहवत नाही. याच क्वालालंपूरमध्ये 1956 साली आमच्या सांगलीच्या नंदू नाटेकरांनी भारताला परदेशातलं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं होतं. आमच्या क्लबात ते वर्ष भिंतीवर लिहिलेलं होतं.

2000 च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष गुस दूर यांनी 1967 चा आदेश रद्द केला आणि फेब्रुवारीत पेचिनानच्या, म्हणजे चिनी वस्तीच्या, रस्त्यावर बारोंगसाई निघाला. सिंहाचा मुखवटा घालून दोघं जण नाचतात तो. ढोलाचा पहिला ठोका पडला तेव्हा गल्लीतली तरुण पोरं हसत, फोटो काढत होती. त्यांनी हे कधी पाहिलंच नव्हतं. म्हातारी माणसं मात्र भिंतीला चिकटून उभी. ओम माझ्या शेजारी होते. सिंह जवळ आला, तोंड उघडलं, आणि त्याच्या जबड्यातून ज्या मुलाचा चेहरा डोकावला तो जावानीज होता. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पोरगा. घामानं निथळणारा, दात काढून हसणारा. “ओम!” म्हणून ओरडला. ओमनी शकुनाचं लाल पाकीट सिंहाच्या तोंडात घातलं आणि त्यांना रडू फुटलं. तेहतीस वर्षांनी.

पुढच्या वर्षी मी भारतात परतलो. 2002 मध्ये ओमचा फोन आला, आवाजात नुसता संताप. हेंद्रावान, 2001 चा जगज्जेता, सिडनी ऑलिंपिकचा रौप्यविजेता. थॉमस चषकासाठी चीनला जायचं तर त्याच्या दाखल्यावरून अडलं होतं. जगज्जेता! शेवटी राष्ट्राध्यक्ष मेगावतींनी लक्ष घातलं तेव्हा कागद हलला. काही आठवड्यांनी पुन्हा फोन. ग्वांगझूत अंतिम सामना मलेशियाशी 2-2 आणि निर्णायक पाचवा सामना खेळला हेंद्रावान. जिंकला. ओम फोनवर तेवढंच म्हणाले, “बघितलंस?” आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही फोन ठेवला नाही.

2003 पासून चिनी नववर्षाची राष्ट्रीय सुट्टी सुरू झाली. 2006 च्या नागरिकत्व कायद्यानं जन्मानं इंडोनेशियन ते सारे मूळचे, असं धरलं आणि दाखल्याची गरज कायद्यातून गेली. 2014 मध्ये चिनी वंशाचे बासुकी, ज्यांना लोक अहोक म्हणतात, जकार्ताचे गव्हर्नर झाले. 2017 मध्ये ते निवडणूक हरले आणि ईशनिंदेच्या आरोपाखाली दोन वर्षांसाठी तुरुंगात गेले. बरंच बदललं आणि बरंच बदललं नाही, हे मला दुरून पेपर वाचून कळत होतं. ओम त्याआधीच गेले होते.

2019 मध्ये सेमारांगला गेलो. गल्ली रंगवलेली, शुक्रवार ते रविवार रात्रबाजार भरतो, पर्यटक येतात. जिन्याखाली आता इलेक्ट्रॉनिक मशीन आहे. बटण दाबलं की तार हवी तेवढी ताणून धरतं. ते चालवत होती ओमची धाकटी मुलगी. तीच, कॉलेजप्रवेशाची. आता चाळिशीची. मी नाव सांगायच्या आधीच तिनं ओळखलं, “पदुकोणवाले!” तिची दहा वर्षांची लेक बाजूला बसून गृहपाठ करत होती. वहीवर चिनी अक्षरं. शाळेत शिकवतात म्हणाली.

मागच्या फळीवर, तारांच्या रिळांशेजारी, निळी फाइल होती. प्लॅस्टिक पिवळट पडलेलं.

“अजून ठेवलीय?” मी विचारलं. “आता तर कुणी मागत नाही.”

तिनं रॅकेट मशीनवरून काढली आणि नखानं जाळीवर टकटक करून आवाज ऐकला. मशीन असूनही.

“राहू दे,” ती म्हणाली, “काही खायला मागत नाही ती.”